विशेष खेळाडू आणि त्यांचे स्वयंसेवक शिक्षक

महोत्सवाची स्मरणिका म्हटली म्हणजे तीत झालेल्या कामाचा आढावा यावयाचाच. तो योग्यही आहे. परंतु प्रस्तुत लेखात झालेल्या कामाविषयी न लिहिता, आपल्यासारख्या वस्तीत करता येण्याजोग्या एका कामाची माहिती देण्याचा विचार आहे. या कामाला इमारत लागत नाही, मोठी देणगीही लागत नाही. लागते ते एक मोकळे मैदान आणि दर आठवड्याला ठरल्या वेळी तेथे हजर राहणारी चार माणसे. बौद्धिक दिव्यांग मुलांना व तरुणांना खेळ शिकविणे, हे ते काम होय.

उकव्यासारख्या खाणीच्या गावी संध्याकाळचे एक दृश्य आपण सर्वांनी पाहिले असेल. मैदानात मुले खेळत असतात आणि कडेला एक मुलगा उभा असतो. वयाने तो त्यांच्याएवढाच, कधी त्यांच्याहून मोठाही. चेंडू हद्दीबाहेर गेला की तो धावत जाऊन आणून देतो आणि पुन्हा आपल्या जागी येऊन उभा राहतो. त्याला खेळात घ्यावे असे कोणाच्या मनात येत नाही. मुले दुष्ट असतात म्हणून असे होते, असे नाही. त्याला कसे घ्यावे हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. आणखी काही वर्षांनी तो मुलगा मैदानाच्या कडेलाही दिसेनासा होतो, कारण आता तो मोठा झालेला असतो आणि लोक हसतात म्हणून घरचे त्याला बाहेर पाठवीत नाहीत. मुलीच्या वाट्याला तर मैदानाची कडही येत नाही. या लेखाचा विषय तो मुलगा आणि ती मुलगी हाच आहे.

ही अवस्था म्हणजे काय

पूर्वी आपण अशा मुलांना 'मतिमंद' म्हणत असू. आता कायद्यात व व्यवहारात 'बौद्धिक दिव्यांग' हा शब्द रूढ झाला आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ज्या २१ प्रकारांची नोंद घेतली, त्यांत ही अवस्था आहे. हा रोग नव्हे, वेडही नव्हे. संसर्गाने होत नाही आणि पूर्वजन्मीच्या पापाशीही तिचा संबंध नाही. शिकणे, विचार करणे आणि रोजचे व्यवहार सांभाळणे या गोष्टी अशा व्यक्तीला वयाच्या मानाने कठीण जातात, आणि ही अडचण लहानपणापासूनच असते. कारणे अनेक आहेत. जन्माच्या वेळी बाळ गुदमरणे, तान्हेपणीची तीव्र कावीळ, मेंदूज्वर, आईच्या आहारातील आयोडिनची कमतरता, डाउन सिंड्रोमसारखा गुणसूत्रांतील फरक, अशी काही सांगता येतात. पुष्कळदा कारण सापडतच नाही. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात अशा व्यक्तींची संख्या सुमारे पंधरा लाख नोंदली गेली.

या मुलांमध्ये आपसांतही फार फरक असतो. एखादा एकटा बाजारात जाऊन जिन्नस आणतो. दुसऱ्याला सदऱ्याची गुंडी लावता येत नाही. म्हणून 'अशी मुले' म्हणून सर्वांना एका मापाने मोजणे ही पहिली चूक होय.

दुसरी चूक अशी की, ही मुले जड व संथ असतात, लवकर दमतात, ते त्यांच्या अवस्थेमुळेच, असे आपण धरून चालतो. फ्रँक हेडन या कॅनडातील संशोधकाने १९६० नंतरच्या काही वर्षांत टोरांटो येथे याच प्रश्नाचा अभ्यास केला. या मुलांची शारीरिक क्षमता कमी असण्याचे मुख्य कारण त्यांची बुद्धी नसून त्यांना बसवून ठेवण्याची आपली रीत आहे, असे त्यांना आढळले. हलविले, धाववले, खेळवले, तर त्यांचे शरीर इतरांप्रमाणेच तयार होते. या क्षेत्रातील पुढील सारे काम या एका निष्कर्षावर उभे आहे.

कामाचा आरंभ

आपल्या भाषेच्या मुलखात अशा मुलांच्या शिक्षणाची परंपरा नवी नाही. वकील दांपत्याने आपल्या मुलीच्या निमित्ताने मुंबईत १९४४ साली सुरू केलेली जय वकील शाळा आजही चालू आहे. पुण्यात १९६४ साली 'कामायनी' ही संस्था निघाली. अशा शाळा बहुतेक मोठ्या शहरांत असतात. घाटावरच्या लहान गावातील मुलाला शाळा दूर पडते. पण मैदान मात्र त्याच्या दाराशी असते.

खेळाच्या चळवळीचा आरंभ अमेरिकेत झाला. अध्यक्ष केनेडी यांची भगिनी रोझमेरी ही बौद्धिक दिव्यांग होती. तिची धाकटी बहीण युनिस केनेडी श्रायव्हर हिने १९६२ च्या उन्हाळ्यात मेरिलँडमधील आपल्या घराच्या आवारात अशा मुलांसाठी खेळांचे शिबिर भरविले. मुले तीस-पस्तीसच होती. त्यांना शिकविण्यासाठी तिने शाळा-कॉलेजातील तरुण मुलेमुली बोलावली आणि शक्यतो प्रत्येक मुलामागे एक सोबती दिला. विद्वान तज्ज्ञांची वाट न पाहता साध्या तरुणांच्या हाती काम सोपविले, हे या शिबिराचे वैशिष्ट्य होते. पुढे शिकागो शहराच्या उद्यान विभागातील अ‍ॅन बर्क या तरुण व्यायामशिक्षिकेने मोठ्या सामन्यांची कल्पना मांडली आणि २० जुलै १९६८ रोजी तेथील सोल्जर फील्ड मैदानावर 'स्पेशल ऑलिंपिक्स'चे पहिले सामने झाले. सुमारे एक हजार खेळाडू आले होते. १९८८ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने या चळवळीला मान्यता दिली. आपल्या देशात २००१ पासून 'स्पेशल ऑलिंपिक्स भारत' ही संस्था हे कार्य करीत आहे. २०१९ साली अबुधाबी येथे भारतीय पथकाने ३६८ पदके मिळविली, तर २०२३ साली बर्लिन येथे २०२.

एवढी पदके कशी?

हे आकडे वाचून कोणी विचारील, "नेहमीच्या ऑलिंपिकमध्ये आपल्याला सहा-सात पदके मिळतात, मग येथे शेकड्यांनी कशी?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर या खेळांच्या मूळ तत्त्वात आहे.

समजा, पन्नास मीटर धावण्यासाठी वीस मुले आली. त्यांतील कोणी नऊ सेकंदांत धावतो, कोणी पंधरा, कोणाला तीस सेकंद लागतात. सर्वांना एका रेषेवर उभे केले, तर निकाल शर्यतीपूर्वीच ठरलेला. म्हणून आधी चाचणीची धाव घेतात. मग स्त्री-पुरुष, वय आणि चाचणीची वेळ पाहून तीन ते आठ जणांचे गट पाडतात. एका गटातील सर्वांत जलद व सर्वांत संथ खेळाडूंत साधारण पंधरा टक्क्यांहून अधिक अंतर असू नये, असा संकेत आहे. प्रत्येक गटाची शर्यत स्वतंत्र आणि पदकेही स्वतंत्र. चौथ्यापासून आठव्यापर्यंत येणाऱ्यांना फितीचा मान मिळतो. चाचणीत मुद्दाम हळू धावून अंतिम शर्यतीत एकदम पुढे निघणारा अपात्र ठरू शकतो.

याचा अर्थ पदक फुकट मिळते असा नव्हे. तीस सेकंदांत धावणाऱ्या मुलालाही आपल्या बरोबरीच्या चार जणांना मागे टाकावे लागते. आयुष्यभर सर्वांच्या मागे राहिलेल्या मुलाला प्रथमच अशी शर्यत मिळते, जीत जिंकणे वा हरणे त्याच्या स्वतःच्या पायांवर अवलंबून असते. वयाच्या आठव्या वर्षापासून पुढे कोणालाही भाग घेता येतो. वरची मर्यादा नाही. चाळिशीचा माणूसही खेळाडू होऊ शकतो.

पॅरालिंपिक सामने मात्र निराळे. तेथे निवडक श्रेष्ठ खेळाडूच जातात. सन २००० मध्ये सिडनी येथे स्पेनच्या बास्केटबॉल संघातील बहुतेक खेळाडू बौद्धिक दिव्यांग नव्हतेच, असे उघडकीस आले आणि त्या लबाडीपायी खऱ्या खेळाडूंनाही तेथील दार २०१२ च्या लंडन सामन्यांपर्यंत बंद राहिले. पुढे ३ सप्टेंबर २०२४ रोजी पॅरिस येथे तेलंगणातील वरंगळ जिल्ह्याच्या कल्लेडा गावची दीप्ती जीवांजी हिने या वर्गातील चारशे मीटर शर्यतीत ५५.८२ सेकंदांची वेळ देऊन कांस्यपदक मिळविले. पॅरालिंपिकमध्ये पदक मिळविणारी ही पहिली भारतीय बौद्धिक दिव्यांग खेळाडू. ती शेतमजुरांची मुलगी. गावात तिची चेष्टा होत असे. शाळेच्या क्रीडाशिक्षकांनी तिची धाव प्रथम हेरली आणि नंतर नागपुरी रमेश या प्रशिक्षकांनी तिला घडविले. दीप्ती प्रत्येक गावात निघणार नाही. परंतु तो पहिला पाहणारा डोळा प्रत्येक गावात असू शकतो.

शिकवावे कसे

आता मुख्य भागाकडे वळू. मैदानावर उभे राहिल्यावर नेमके काय करावयाचे?

पहिला नियम: एका वेळी एकच सूचना. "तिकडे जा, रेषेवर उभा राहा, शिट्टी झाली की पळ" या वाक्यात तीन कामे आहेत. मुलगा पहिले करील आणि उरलेल्या दोहोंत हरवेल. "इकडे ये" एवढेच म्हणावे. तो आला की, "येथे उभा राहा." सांगून उत्तरासाठी थांबावे. आपण तीन सेकंदांत घाईला येतो; त्याला कदाचित दहा सेकंद लागतात. तेवढ्यात आपण तीच सूचना निराळ्या शब्दांत दिली, तर त्याला ती नवी सूचना वाटते आणि त्याला पहिल्यापासून विचार करावा लागतो.

दुसरा नियम: सांगण्यापेक्षा दाखवावे, दाखविण्यापेक्षा बरोबर करावे. मग हळूहळू आपला हात काढून घ्यावा. हात केव्हा काढावा हे ओळखणे, हीच शिक्षकाची खरी कसोटी होय. दयेपोटी पुष्कळ जण तो काढीतच नाहीत आणि मुलगा परावलंबीच राहतो.

तिसरा नियम: कौशल्याचे तुकडे करावे. जागेवरून लांब उडीचे उदाहरण घ्या. पहिल्या दिवशी फक्कीच्या रेषेमागे दोन्ही पाय ठेवून उभे राहणे, एवढेच. मग गुडघे वाकविणे. मग हात मागे नेऊन पुढे झोकणे. मग जमिनीवर काढलेल्या वर्तुळात दोन्ही पायांनी उतरणे. शेवटी सारे एकत्र. आपल्याला एका दिवसाचे वाटणारे हे काम सहा आठवडे घेईल. परंतु सहा आठवड्यांनी आलेली उडी तो सहसा विसरत नाही.

धावण्यात एक अडचण हमखास येते. मुलगा छान धावतो आणि शेवटच्या रेषेपाशी येताच थांबतो, कारण 'रेषेपर्यंत पळ' असे आपणच सांगितलेले असते. याला उपाय सोपा आहे. रेषेच्या पलीकडे दहा पावलांवर त्याच्या आईला हात पसरून उभे करावे आणि "आईपर्यंत पळ" म्हणावे. रांग सोडून शेजारच्या रांगेत जाणाऱ्यासाठी दोन्ही बाजूंना सुतळी धरावी. शिट्टीच्या आवाजाने कोणी कान झाकून बसत असेल, तर त्याच्यासाठी रुमाल हलवून इशारा करावा.

ज्यांना धावणे शक्य नाही त्यांच्यासाठी पंचवीस मीटर चालण्याची स्पर्धा आहे, टेनिसचा चेंडू फेकण्याची आहे, आणि 'बोची' नावाचा खेळ आहे. बोचीत एक लहान चेंडू पुढे टाकून आपला मोठा चेंडू त्याच्या जास्तीत जास्त जवळ नेऊन ठेवावयाचा असतो. आपल्याकडील गोट्यांचा खेळ जाणणाऱ्याला तो समजावून सांगावा लागत नाही. 'युनिफाइड' नावाच्या प्रकारात दिव्यांग व इतर खेळाडू एकाच संघात खेळतात. तेथे शेजारची मुले व सख्खी भावंडे यांना सोबती करून घेता येते. कडेला उभा असलेला तो मुलगा मैदानाच्या आत येण्याचा हाच सर्वांत जवळचा मार्ग आहे.

प्रत्येक मुलामागे एका वहीची दोन पाने राखावी. उडी किती सेंटिमीटर, धाव किती सेकंद, आज नवीन काय जमले, हे तारीखवार लिहावे. दुसऱ्याशी तुलना करू नये. गेल्या महिन्यातील त्याच्याशीच आजच्या त्याची करावी. आईबापांना दाखविण्यास या वहीसारखे साधन नाही. "काही फरक नाही" असे वर्षानुवर्षे ऐकत आलेल्या बापाला, मुलाची उडी चाळीस सेंटिमीटरवरून पंचावन्नवर गेल्याचे दिसले, म्हणजे तो आपण होऊन मैदानावर येऊ लागतो.

आणखी एक गोष्ट. वीस वर्षांच्या तरुणाला 'बाळ, बाळ' म्हणू नये. नावाने हाक मारावी. चूक झाली तर चूक म्हणावे. खोट्या टाळ्या त्यालाही कळतात.

सांभाळावयाच्या गोष्टी

उत्साहाच्या भरात सुरक्षिततेकडे दुर्लक्ष होऊ नये. सरावापूर्वी प्रत्येकाची डॉक्टरांकडून तपासणी करवून घ्यावी आणि चालू औषधांची नोंद ठेवावी.

डाउन सिंड्रोम असलेल्या काही जणांच्या मानेचे वरचे सांधे सैल असतात. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावाचून अशा मुलांना कोलांटी, सूर मारणे, उंच उडी, वजन उचलणे असे मानेवर ताण देणारे प्रकार देऊ नयेत.

काहींना आकडी येते. आकडी आल्यास तोंडात चमचा, बोट वा पाणी घालू नये. कांदा किंवा चप्पल हुंगवू नये. हातपाय दाबून धरू नये. आजूबाजूच्या टणक वस्तू दूर कराव्या, डोक्याखाली मऊ काही द्यावे, कुशीवर वळवावे आणि घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत आकडी थांबली नाही, अथवा लागोपाठ दुसरी आली, तर ताबडतोब इस्पितळात न्यावे.

तहान लागली हे पुष्कळ मुले सांगत नाहीत. म्हणून दर पंधरा-वीस मिनिटांनी सर्वांना पाणी पाजावे आणि उन्हाळ्यात सराव सकाळीच उरकावा.

शेवटची गोष्ट नाजूक, पण आवश्यक. कोणाही स्वयंसेवकाने, तो कितीही सज्जन असो, मुलाबरोबर एकांतात राहू नये. नेहमी दोन प्रौढ माणसे असावीत, मुलींसाठी त्यांतील एक स्त्री असावी. ही मुले आपल्यावरील अन्याय शब्दांत मांडू शकत नाहीत. म्हणून ही शिस्त आपणच पाळावयाची असते. तीत कोणाचा अविश्वास नाही. स्वयंसेवकाचेही त्यात रक्षणच आहे.

पाळीचे गाव आणि नियमितपणा

या कामाचा खरा शत्रू पैशाची टंचाई नसून खंड हा आहे. एक दिवसाचे क्रीडाशिबिर भरवावे, टोप्या वाटाव्या, छायाचित्रे काढावी आणि पुढील वर्षापर्यंत विसरावे, हे आपल्याकडे सर्रास घडते. आपल्यासाठी तो एक दिवस असतो. मुलगा मात्र पुढच्या रविवारी बूट घालून दाराशी बसतो, त्याच्या पुढच्याही रविवारी बसतो. त्याला 'कार्यक्रम संपला' हे समजावणे अत्यंत कठीण असते. असे काम सुरू करून सोडण्यापेक्षा न सुरू केलेले बरे.

खाणीच्या गावी ही अडचण अधिक आहे. आपल्यातील पुष्कळ जण पाळीने काम करतात. या आठवड्यात सकाळी मोकळे असणारे पुढील आठवड्यात नसतात. म्हणून एकट्याने जबाबदारी न घेता, परस्परांच्या उलट पाळीत काम करणाऱ्या दोघांनी जोडी करावी. दोघांनी आरंभी काही दिवस एकत्र शिकवावे, म्हणजे मुले दोघांनाही ओळखतील. सरावाचा वार, वेळ व क्रम कधीही बदलू नये. शिकविणारा बदलला तरी आधी रेषेवर उभे राहणे, मग हात वर घेणे, मग एक फेरी, हा क्रम तोच राहावा. चार मुलांमागे निदान एक शिकविणारा असावा. आठ मुले घेऊन आरंभ करावयाचा तर दोन जोड्या पुरेत. निवृत्त मंडळींना पाळीचे बंधन नाही. त्यांनी वही व घड्याळ सांभाळले, तरी अर्धे काम होईल. सामन्यांपूर्वी निदान आठ आठवड्यांचा सराव व्हावा अशी अपेक्षा असते. आपण मात्र सामन्यांसाठी नव्हे, तर वर्षभरासाठी विचार करावा.

घरच्यांसाठी दोन शब्द

ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांनी संकोच सोडावा, एवढीच विनंती. जिल्हा रुग्णालयाच्या वैद्यकीय मंडळाकडून दिव्यांगत्वाचा दाखला व ओळखपत्र करवून घ्यावे. सवलतींसाठी व सामन्यांसाठी त्याचा उपयोग होतो. राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' ही एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्यविमा योजनाही या मुलांसाठी आहे. २०१६ च्या कायद्याच्या कलम ३० अन्वये क्रीडाक्षेत्रात सामावून घेतले जाणे हा आपल्या मुलाचा हक्क आहे. तो मागताना मान खाली घालण्याचे कारण नाही.

अशा प्रत्येक आईबापाच्या मनात रात्री एक प्रश्न उभा राहतो. तो ते बोलून दाखवीत नाहीत: आमच्या मागे याचे कसे होणार? मैदानावरील दोन तासांनी हा प्रश्न सुटतो असे म्हणणे खोटे होईल. परंतु जो मुलगा रांगेत उभा राहावयास शिकला, ज्याला स्वतःचे बूट घालता येतात, ज्याला दहा घरची माणसे नावाने ओळखतात आणि वाटेत दिसला तर हाक मारतात, तो त्या प्रश्नापुढे अगदी एकटा नसतो. गावाने त्याला ओळखणे ही त्याची खरी मिळकत आहे. ती आईबापांना एकट्याने ठेवून जाता येत नाही. ती गावालाच द्यावी लागते.

न्यासाच्या सभासदांपुढे म्हणून एवढेच मागणे आहे. या महोत्सवाच्या वर्षात आपल्यापैकी चौघांनी आपली नावे द्यावीत. देणगीचा आकडा नको. वार आणि वेळ लिहून द्यावी, आणि ती पाळावी. मैदानाच्या कडेला उभा असलेला मुलगा अजून तेथे आहे. तो दिसेनासा होण्यापूर्वी त्याला आत बोलावले पाहिजे.